जुन्या स्पोर्ट्स कारचा अल्टरनेटर बदलताना : कोकणातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमजीबी, ट्रायम्फ, डॅटसन यांसारख्या साठ-सत्तरच्या दशकांतील गाड्या किंवा गोव्यात तयार झालेली दोन आसनी सॅन स्टॉर्म जपणारी मंडळी किनारपट्टीवर आहेत. या गाड्यांची चार्जिंगची मूळ व्यवस्था आजच्या वापराला पुरत नाही, ही त्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. मात्र अधिक अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बसवला की प्रश्न सुटतो, ही समजूत खरी नाही, आणि खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीच्या बाबतीत तर ती हमखास महागात पडते. खालील सर्व आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत.

हेडलाइट लावले की उजेड पिवळट पडतो आणि वायपर संथ होतो. अल्टरनेटर बदलण्याची वेळ आली आहे का?

आली असेलही, पण त्याआधी अर्धा तास मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी बसावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास आकडा आला तर ती निम्मीच भरलेली आहे असे समजावे आणि आधी चार्जरवर लावावी. मग इंजिन सुरू करून ते मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर धरावे, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सर्व चालू करावे आणि बॅटरीवर मीटर लावावा. १३.५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसत असेल तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. उजेड कमी पडण्याचे कारण हेडलाइटच्या तारांत, स्विचमध्ये किंवा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नसण्यात आहे.

आकडा कमी दिसला तर मीटर तसाच उचलून अल्टरनेटरच्या जाड तारेचा बोल्ट आणि अल्टरनेटरचे धातूचे अंग यांच्यामध्ये लावावा. तेथे १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.२ व्होल्ट असतील, तर एक व्होल्ट वाटेतच जळतो आहे. तो कोठे जळतो हेही त्याच मीटरने कळते. लाल टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि काळे टोक बॅटरीच्या धन खांबावर, क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खांबावर, टेकवले की त्या संपूर्ण मार्गात किती व्होल्ट पडतात ते दिसते. हा आकडा ०.३ पेक्षा जास्त नसावा. त्यानंतर अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचा ऋण खांब यांमध्ये तसेच पाहावे, तेथे ०.२ पेक्षा जास्त असेल तर अर्थिंग खराब आहे.

किनाऱ्यावरच्या गाडीत दोष बहुधा येथेच सापडतो. मालवण, देवगड, हर्णे अशा अगदी समुद्राला लागून असलेल्या गावांतील गाडीची जुनी बॅटरी-केबल क्लॅम्पपासून वीतभर सोलून पाहावी. बाहेरून ती लवचिक आणि धड दिसते; आत मात्र तांब्याचे धागे काळे पडलेले असतात, टोकाशी हिरवा थर जमलेला असतो, आणि नखाने खरवडले तरी तांब्याचा रंग सहज दिसत नाही. अशा तारेवर ६५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवणे म्हणजे विहिरीवरचा पंप मोठा करून माडांच्या बागेतला पाट तसाच फुटका ठेवणे होय.

अल्टरनेटरच्याच बोल्टवर बिनभाराने १४.२ आणि सर्व भार टाकल्यावर १२.८ व्होल्ट दिसत असतील, पट्टा घसरत नसेल, आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) व कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे तुकडे) ठीक असतील, तरच त्याची क्षमता अपुरी आहे असे म्हणता येते. पुढील प्रश्न अशा मालकांसाठी आहेत.

माझ्या गाडीत मूळचा डायनमो (अल्टरनेटरच्या आधीच्या काळचे वीज तयार करणारे यंत्र) आहे. तो दुरुस्त करून चालवावा की अल्टरनेटर बसवावा?

रोजच्या किंवा रात्रीच्या वापराची गाडी असेल तर अल्टरनेटर बसवावा. १९६२ साली आलेल्या एमजीबीमध्ये ल्यूकसचा सी-४० जातीचा डायनमो होता आणि तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देत असे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून कंपनीनेच अल्टरनेटर दिला आणि त्याबरोबर गाडीची अर्थिंगही ऋण केली, म्हणजे बॅटरीचा ऋण खांब बॉडीला जोडला. डायनमोची अडचण केवळ कमाल क्षमतेची नाही. त्यात सर्व वीज फिरत्या आर्मेचरमधून कार्बन ब्रशांवाटे बाहेर काढावी लागते, त्यामुळे त्याला फार वेगाने फिरवता येत नाही, आणि इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटरमध्ये मुख्य वीज स्थिर असलेल्या स्टेटरच्या वेटोळ्यांतून निघते आणि ब्रशांवाटे फक्त फिरत्या रोटरला लागणारे दोन-चार अँपिअर जातात. म्हणून त्याला लहान पुली लावून इंजिनच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरवता येते, आणि मंद इंजिनावरही तो उपयोगी पडेल इतकी वीज देतो.

गाडी फक्त प्रदर्शनात आणि सणावारी दिवसा बाहेर पडत असेल, तर चांगल्या कारागिराकडून डायनमो आणि कटआऊट (डायनमोची वीज नियंत्रित करणारी पेटी) दुरुस्त करून घेणे अगदी योग्य आहे.

किती अँपिअरचा अल्टरनेटर घ्यावा?

आपल्या गाडीची बेरीज आपणच करावी. वॅटच्या आकड्याला १३.५ ने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचे दोन हेडलाइट ९ अँपिअर घेतात. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्ड मिळून ३, इग्निशन ४, विजेवर चालणारा पेट्रोल पंप २, वायपर ४, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर ६, आणि रेडिएटरला विजेचा पंखा बसवला असेल तर त्याचे १० धरावेत. मोबाइल चार्जर आणि संगीत यांचे ३ मिळवले की श्रावणातल्या पावसाळी रात्रीची बेरीज ४१ अँपिअर होते. ब्रेकचे दिवे आणि हॉर्न यांचा हिशेब यात अजून आलेलाच नाही. जुन्या एमजीबीतील १६ एसीआर जातीचा अल्टरनेटर पूर्ण वेगाने फिरत असतानाही ३४ अँपिअरच देतो, म्हणजे अशा रात्री उरलेली वीज बॅटरीतून जात असते.

बेरजेवर साधारण तीस-चाळीस टक्के जास्त धरावे, कारण तापलेला अल्टरनेटर कागदावरच्या आकड्याइतकी वीज देत नाही आणि बॅटरी भरण्यासाठीही काही वाटा लागतो. या हिशेबाने एअर कंडिशनर नसलेल्या गाडीला ५५ ते ६५ अँपिअर पुरेसे आहेत. एअर कंडिशनर बसवलेला असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरचा क्लच, मोठा ब्लोअर आणि कंडेन्सरचा पंखा धरून ७५ ते ८० पर्यंत जावे. त्यापुढे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. १०० किंवा १२० अँपिअरचा अल्टरनेटर जुन्या गाडीत बसतो, पण त्याच्यासोबत पट्टा, पुली, तारा, फ्यूज आणि अर्थिंग हे सर्व त्या मापाचे करावे लागते. ते न केल्यास सर्वांत दुबळा सांधा आधी तापतो, आणि जुन्या गाडीत तो सांधा बहुधा डॅशबोर्डच्या मागे, कापडी आवरणाच्या तारांमध्ये असतो.

भार वाढवण्याऐवजी कमी करता येईल का?

नक्कीच, आणि काही गाड्यांत तेवढ्यानेच भागते. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे आणि डॅशबोर्ड यांना एलईडी लावल्याने काही अँपिअर वाचतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. तापून उघडझाप करणाऱ्या जुन्या फ्लॅशरला बल्बचा भार लागतो, म्हणून इंडिकेटरला एलईडी लावले तर फ्लॅशरही बदलावा. आणि चार्जिंगचा लाल दिवा कधीही एलईडी करू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे. हेडलाइटच्या जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब घातला तर उजेड विस्कटतो आणि घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तेथे साधा एच-४ बल्ब आणि दोन रिले हाच उपाय चांगला.

गणपतीत महामार्गावर तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागते. ६५ अँपिअरचा अल्टरनेटर असूनही तेव्हा बॅटरी का उतरते?

अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास असतानाचा असतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल आणि पुलीचे गुणोत्तर दुप्पट असेल, तर अल्टरनेटर १६०० फेऱ्यांवर फिरतो आणि लिहिलेल्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच वीज देतो. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वेगात असते, त्यामुळे आंबोली किंवा कुंभार्ली घाटात ही अडचण येत नाही. ती येते मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत, पंखा, वायपर आणि हेडलाइट सर्व एकदम चालू असताना.

म्हणून खरेदी करताना कमाल अँपिअर विचारण्यापेक्षा मंद वेगावर किती मिळतात ते विचारावे. आतल्या बाजूला पंखे असलेले नव्या घडणीचे अल्टरनेटर या बाबतीत जुन्यांपेक्षा बरेच सरस आहेत. पुली लहान करूनही वेग वाढवता येतो, पण त्याला मर्यादा आहे. आपले इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत जात असेल आणि गुणोत्तर अडीचपट केले, तर अल्टरनेटर १५००० वर पोहोचतो, आणि बहुतेकांची सुरक्षित मर्यादा १५००० ते १८००० च्या दरम्यान असते. शिवाय लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी होते.

कोणता अल्टरनेटर कोणत्या गाडीला बसतो?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच कुळातील नंतरचा, मोठा अल्टरनेटर घेणे. एमजीबीला १६ एसीआरच्या जागी ४३ अँपिअरचा १८ एसीआर जवळजवळ काहीही न बदलता बसतो. डॅटसन २४०झेडला त्याच घराण्यातील २८०झेडएक्सचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर बसवण्याची रीत जगभर रूढ आहे. त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) पोटातच असल्याने बाहेरची रेग्युलेटरची पेटी रद्द होते. सॅन स्टॉर्मला रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन आणि मुळातच अल्टरनेटर असल्याने तेथे क्षमता वाढवण्यापेक्षा असलेला सुस्थितीत आणण्याचाच प्रश्न असतो.

परदेशी भाग मागवायचा नसेल तर भारतीय गाड्यांचे, पोटात रेग्युलेटर असलेले अल्टरनेटर वापरता येतात. ते सहज मिळतात आणि त्यांचे ब्रश, डायोडची पट्टी आणि बेअरिंग रत्नागिरी-कुडाळकडेही मिळू शकतात, ही दूरच्या गावात राहणाऱ्या मालकासाठी मोठी सोय आहे. घेण्यापूर्वी चार मापे पाहावीत: खालच्या दोन कानांमधील अंतर, वरच्या ताणपट्टीच्या कानाची जागा, पुलीची खाच इंजिनच्या पुलीच्या रेषेत येते की नाही, आणि मागची बाजू चेसिसला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागते का. कानांमधील फरक लेथवर कातलेल्या लोखंडी बुशने भरून काढावा; वॉशरांची चळत लावू नये, कारण ती कंपनाने ढिली होते आणि ॲल्युमिनियमचा कान तुटतो.

एमजी टीडीसारख्या काही जुन्या गाड्यांत इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरची केबल डायनमोच्या पाठीवरून निघते. डायनमो काढला की तो मीटर बंद पडतो. अशा गाड्यांसाठी डायनमोच्याच आकाराच्या नळकांड्यात बसवलेले अल्टरनेटर मिळतात. पर्याय महाग आहे, पण या एका बाबतीत तो योग्यच आहे.

गाडीची अर्थिंग धन आहे. त्याने काय फरक पडतो?

पडतो, आणि तो एका क्षणात पडतो. नेहमीचा अल्टरनेटर ऋण अर्थिंगसाठी असतो. बॅटरी उलटी जोडली गेली तर त्याचे डायोड लगेच जळतात. त्यामुळे आधी गाडीची अर्थिंग बदलावी आणि मगच अल्टरनेटर जोडावा. बॅटरीचे क्लॅम्प अदलाबदल करताना धन खांब थोडा जाड असतो हे लक्षात ठेवावे. इग्निशन कॉइलच्या दोन्ही तारा एकमेकींच्या जागी लावाव्यात. रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रॉनिक पेट्रोल पंप आणि विजेवर चालणारा फेऱ्यांचा मीटर यांतील प्रत्येक गोष्ट धन अर्थिंगची आहे का ते तपासल्याखेरीज बॅटरी जोडू नये. साधे बल्ब आणि हॉर्न यांना फरक पडत नाही. एमजीबीत १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे असत. त्या जागी १२ व्होल्टची एकच बॅटरी बसवण्याचे कामही याच वेळी उरकून घ्यावे, कारण दोन बॅटऱ्यांमधली जोडकेबल हा गंजण्याचा आणखी एक सांधा असतो.

जुन्याच तारेवर नवा अल्टरनेटर चालेल का?

नाही. या एका उत्तरात मी कोणतीही सवलत ठेवत नाही.

कारण हिशेबात आहे. २ मीटर लांबीच्या ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून ६० अँपिअर गेले तर साधारण अर्धा व्होल्ट पडतो आणि तारेत सुमारे ३० वॅटची उष्णता तयार होते. हे नव्या तारेचे झाले, गंजलेल्या तारेचे याहून वाईट. त्याच लांबीची १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ०.१३ व्होल्टच पडतो. अल्टरनेटरपासून थेट बॅटरीच्या धन टोकापर्यंत, किंवा बॅटरी मागे असलेल्या गाडीत सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचच्या) बॅटरीकडील जाड बोल्टपर्यंत, ही नवी तार स्वतंत्र टाकावी. जुनी तार काढायची नसेल तर तिची टोके नीट बंद करून बांधून ठेवावीत.

या तारेला फ्यूज हवाच. ६५ अँपिअरच्या अल्टरनेटरला ८० अँपिअरचा बोल्टने आवळायचा फ्यूज घ्यावा आणि तो बॅटरीच्या बाजूला, टोकापासून शक्य तितक्या जवळ बसवावा. अल्टरनेटर स्वतः मर्यादेपलीकडे वीज देत नाही. तार घासून चेसिसला लागली तर आग लावण्याइतका प्रवाह बॅटरीकडून येतो, म्हणून संरक्षण त्या बाजूला हवे.

यानंतर अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध फक्त एका विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतो. ती पट्टी गंजली की वीज चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते, केबल तापते आणि आत चिकटते. अल्टरनेटर इंजिनला धरून ठेवणाऱ्या बोल्टपासून (जाड तारेच्या बोल्टपासून नव्हे) बॉडीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची दुसरी पट्टी जोडावी, आणि जोडण्याच्या जागी रंग खरवडून धातू उघडा करावा.

डॅशबोर्डवर अँपिअरमीटर आहे. तो ठेवता येईल का?

२४०झेडसारख्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह या मीटरमधून जातो आणि तो मूळ अल्टरनेटरच्या मापाचा असतो. त्यातून ६० अँपिअर नेणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या मागचे स्क्रू ढिले झाले की आग लागते ती थेट डॅशबोर्डच्या पोटात. वर सांगितलेली स्वतंत्र तार टाकली की बहुतांश प्रवाह त्या मार्गाने जातो. तरी मीटरच्या दोन्ही तारा जोडून तो निष्क्रिय करणे आणि जवळ एक लहान व्होल्टमीटर बसवणे अधिक चांगले.

चार्जिंगच्या लाल दिव्याचे काम काय, आणि किल्ली काढल्यावरही इंजिन सुरू का राहते?

पोटात रेग्युलेटर असलेल्या अल्टरनेटरला साधारणपणे तीन जोडण्या असतात. जाड बोल्ट म्हणजे बी प्लस, बारीक पिनांपैकी एल ही लाल दिव्याची आणि एस ही बॅटरीचा व्होल्टेज वाचणारी. एसची तार अल्टरनेटरच्याच बोल्टला न जोडता बॅटरीपाशी नेली, तर वाटेतली घट रेग्युलेटरला कळते आणि तो ती भरून काढतो.

लाल दिवा केवळ सूचना देत नाही. किल्ली फिरवल्यावर त्या २.२ वॅटच्या बल्बमधून जाणारा लहानसा प्रवाहच रोटरमध्ये सुरुवातीचे चुंबकत्व निर्माण करतो. बल्ब उडाला किंवा त्याच्या जागी एलईडी घातला, की इंजिन खूप वेगात नेईपर्यंत अल्टरनेटर जागा होत नाही. काही वेळा होतच नाही. धडधाकट अल्टरनेटर दुरुस्तीला नेण्यापूर्वी हा बल्ब पाहावा.

किल्ली काढल्यावर इंजिन सुरू राहणे हे याच वाटेचे उलटे रूप आहे. एलच्या पिनेवर आलेली वीज मागे फिरून इग्निशनला पोहोचते आणि इंजिन चालत राहते. २४०झेडमध्ये वर सांगितलेला बदल करणाऱ्यांना हा अनुभव येतो. त्या तारेत वीज फक्त अल्टरनेटरकडे जाऊ देणारा एक साधा डायोड घातला की प्रश्न सुटतो.

जुन्या कटआऊटच्या पेटीचे काय करावे?

ती जागेवर दिसली तरी हरकत नाही, पण तिच्या आतला मार्ग पूर्णपणे बंद करावा. डायनमोच्या फील्डची बारीक तार टोकाला आवरण घालून बांधावी. पेटीतून निघणाऱ्या जाड तारांवर गाडीतील इतर भार असतात, त्यामुळे त्या कापू नयेत. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून एकत्र जोडाव्यात.

पट्ट्याचा ताण किती असावा?

सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण १३ मिलिमीटर लवावा. एका साध्या व्ही-पट्ट्यावर ६५-७० अँपिअरपर्यंतचा अल्टरनेटर नीट चालतो. पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर क्षणभर किंचाळणे समजण्यासारखे आहे. हेडलाइट लावताच किंचाळत असेल तर पट्टा ढिला आहे किंवा त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. गरजेपेक्षा जास्त ताणल्यास अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपाचेही बेअरिंग जाते.

खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात अल्टरनेटर कसा टिकवावा?

मिठाचे कण हवेतून येतात आणि हवेतली आर्द्रता शोषून धातूवर सतत ओल धरतात. तांबे, ॲल्युमिनियम आणि पोलाद अशा ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांच्यात लहानसा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. अल्टरनेटरचे अंग ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचे आणि तारेचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेली कडी) तांब्याचे असते, म्हणजे तिन्ही धातू तेथे एकत्र आलेले असतात. बसवतानाच बोल्टला न चिकटणारे ग्रीस लावले नाही, तर काही वर्षांनी तो बोल्ट कानासकटच बाहेर येतो.

तार घेताना साध्या तांब्याऐवजी कलई केलेल्या तांब्याची, बोटींसाठी मिळते ती घ्यावी. मासेमारी बोटींचे काम करणारे वायरमन मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांवर असतात; खाऱ्या हवेतली जोडणी कशी करावी हे त्यांच्या हातात बसलेले असते, आणि या एका कामासाठी शहरातल्या गॅरेजपेक्षा त्यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे. थिंबल योग्य मापाच्या हत्याराने दाबून घ्यावे. केवळ डाग देऊन केलेला सांधा डाग संपतो त्या रेषेवर कडक होतो आणि कंपनाने तेथेच तुटतो. दाबलेल्या सांध्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. बोल्ट आवळून झाल्यावरच त्यावर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा, आधी नव्हे.

अल्टरनेटरला हवा लागते, म्हणून पावसाळ्यात त्याभोवती प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत चुकीची आहे. त्याच्या आत तेलाचा फवारा मारणेही टाळावे, कारण तेलात कार्बनची भुकटी मिसळून स्लिप रिंगवर (ब्रश ज्यांना टेकतात त्या रोटरवरच्या कड्यांवर) लगदा तयार होतो. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा झोत इंजिनच्या त्या बाजूला नेऊ नये. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींचा नेहमी वापर असेल तर घरी आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा आणि अल्टरनेटर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. वाळूत गाडी घालण्याचा मोह मात्र पूर्णपणे आवरावा.

जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभीच राहत असेल, तर स्लिप रिंगवर पातळ थर चढतो आणि ब्रश आपल्या खाचेत अडकतात. दर पंधरवड्याला उघडीप पाहून अर्धा तास गाडी चालवावी. नुसते इंजिन मंद चालवून ठेवल्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर अल्टरनेटर वाचतो का?

बऱ्याचदा वाचतो, मात्र किल्ली फिरवण्याचा मोह आवरला तरच. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी सर्वप्रथम बॅटरीचा ऋण क्लॅम्प काढावा. अल्टरनेटर उतरवून उघडावा, गाळ गोड्या पाण्याने धुवावा, उन्हात आणि कोमट हवेत पूर्ण वाळवावा, आणि सुटे भाग जोडण्यापूर्वी वेटोळ्यांची इन्सुलेशन तपासून घ्यावी. बेअरिंग आणि ब्रश नवेच घालावेत, कारण सीलबंद बेअरिंगमध्येही गाळाचे पाणी शिरते आणि ते काही आठवड्यांनी आवाज करू लागते. खाडीचे खारे पाणी शिरले असेल तर दिवसांची नव्हे, तासांची घाई करावी.

मोठ्या अल्टरनेटरमुळे इंजिनची ताकद कमी होईल का?

जेवढी वीज वापरली जाते तेवढाच भार इंजिनवर येतो. ६५ अँपिअर पूर्ण काढले तर सुमारे ९१० वॅट वीज मिळते. पट्टा आणि उष्णतेतली गळती धरून इंजिनला त्यासाठी साधारण दोन अश्वशक्ती द्यावी लागते. दिवसा, दिवे बंद असताना, फरक जाणवत नाही.

बॅटरीही बदलावी लागेल का?

चांगली असेल तर नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरच्या भरवशावर भरू नये. तो बराच वेळ पूर्ण क्षमतेने चालून तापतो. ती चार्जरवरच भरावी.

बसवून झाल्यावर काय तपासावे?

मंद इंजिनावर बिनभाराने १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कोकणातल्या उन्हाळ्यात इंजिन तापल्यावर हा आकडा थोडा उतरतो, कारण अनेक रेग्युलेटर उष्णतेनुसार व्होल्टेज कमी करतात. १४.८ च्या वर गेल्यास ताबडतोब थांबावे, कारण बॅटरीचे पाणी उकळते आणि आसनांमागे बॅटरी असलेल्या गाडीत आम्लाची वाफ थेट प्रवाशांपर्यंत येते. मग २००० फेऱ्यांवर सर्व भार टाकून १३.५ टिकतात का ते पाहावे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजल्यास आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच असावा. जास्त असेल तर एखादा डायोड गेलेला आहे. वीस मिनिटे गाडी चालवून आल्यावर प्रत्येक सांध्याजवळ हात न्यावा, आणि एखादे थिंबल इतरांपेक्षा गरम लागले तर ते पुन्हा करावे.

एक जुनी सवय येथे निक्षून टाळावी. डायनमोच्या काळात इंजिन सुरू असताना बॅटरीचा क्लॅम्प उचलून चार्जिंग तपासत असत. अल्टरनेटरच्या गाडीत तसे केल्यास व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळते, आणि रेग्युलेटर, डायोड, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असे सर्व एकाच वेळी जाऊ शकते. गाडीवर वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवून ठेवावेत.

या बदलाने गाडीचे जुनेपण किंवा नोंदणी धोक्यात येते का?

अल्टरनेटरची नोंद आरसी पुस्तकात नसते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली. त्या नियमांचा भर चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसण्यावर आहे. तरीही परीक्षक आणि पुढचा मालक यांचा विचार करून कोठेही नवे भोक पाडू नये, मूळ ब्रॅकेट कापू नये, आणि काढलेला डायनमो, कटआऊट व पुली तेल लावून, नावाची चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवावी.

लांबच्या प्रवासात सोबत काय ठेवावे?

मापाचा एक जादा पट्टा, २.२ वॅटचा बल्ब, ८० अँपिअरचा फ्यूज, ब्रशांची एक जोडी, ताणपट्टीच्या बोल्टला लागणारा पाना आणि लहान मल्टिमीटर. वाटेत लाल दिवा लागला तर आधी इंजिनचे तापमान आणि पट्टा पाहावा, कारण अनेक गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो आणि तो तुटला असेल तर थांबण्यावाचून पर्याय नाही. पट्टा शाबूत असेल तर पंखा, ब्लोअर आणि संगीत बंद करून, शक्यतो दिवसाउजेडी, भरलेल्या बॅटरीवर पुढच्या गावापर्यंत सहज जाता येते; इंजिन मात्र वाटेत बंद करू नये.